हिस्टरीतले जावई

माझं लग्न ठरलं तेव्हा इंदापुरात अशी बातमी पसरली होती की, मुलगा बारामतीला हिस्टरीत आहे.

यात माझा काही दोष नव्हता. मुलगी बघायला गेलो असताना भावी सासऱ्यांनी विचारलं, "आपण नक्की कशात आहात?" मी म्हणालो, "हिस्टोपॅथॉलॉजीत. टेक्निशियन." नेमक्या त्याच वेळी पोह्यांच्या बशा आल्या आणि 'हिस्टो'च्या पुढचं सगळं बशांच्या खणखणाटात बुडून गेलं. सासरे हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. जन्मभर इतिहास शिकवलेला. त्यांचा चेहरा एकदम उजळला. खुर्ची पुढे सरकवून ते म्हणाले, "वा, वा! मग मालोजीराजांबद्दल आपलं मत काय?"

इंदापुरात बसून मालोजीराजांबद्दल मत नसणं म्हणजे पंढरपुरात जाऊन 'इथे विठोबा कुठे राहतो हो?' असं विचारण्यासारखं आहे. शिवाजीमहाराजांचे हे आजोबा इंदापूरच्याच लढाईत पडले. मी पोह्यातला शेंगदाणा गिळला आणि म्हणालो, "फार मोठा माणूस." हे मत इतकं बिनधोक होतं की त्याच्यावर लग्न ठरलं.

पुढे खरा प्रकार कळल्यावर सासरे जरा खट्टू झाले. मग मी त्यांना शांतपणे समजावून सांगितलं. ऑपरेशनमध्ये माणसाच्या अंगातून जो तुकडा काढतात तो आमच्याकडे येतो. पित्ताशय असेल, गर्भाशय असेल, नाहीतर गालातला तांदळाएवढा कण असेल. आम्ही तो मुरवतो, त्यातलं पाणी काढतो, मेणात बसवतो, त्याचे पातळ काप काढून काचेवर घेतो आणि रंगवतो. मग डॉक्टर ती काच सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि आजार साधा आहे की कॅन्सर, ते लिहून देतात.

सासऱ्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे कापणं तुमचं आणि सांगणं त्यांचं."

माझ्या सदतीस वर्षांच्या नोकरीचं इतकं अचूक वर्णन मी पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

आमच्या लॅबोरेटरीत आम्ही दोन टेक्निशियन होतो. दुसरा रक्त-लघवीचा. तो बाहेरच्या खोलीत बसायचा. पेशंट त्याला ओळखायचे. ज्यानं सुई टोचली त्याला माणूस सहसा विसरत नाही. दिवाळीला त्याच्या टेबलावर चिवड्याचे पुडे यायचे, हुरड्याच्या दिवसांत हुरडा यायचा, एकदा तर उसाची अख्खी मोळी आली होती. मी मागच्या खोलीत. माझ्याकडे पेशंट यायचे ते बाटलीतून, आणि तेही थोडे थोडे. त्यांची माझी ओळख होण्याचा काही मार्गच नव्हता. रिपोर्टाच्या खाली सही डॉक्टरांची, वर नाव पेशंटचं. मधल्या मजकुरात माझा पत्ता नाही. पिठलं बिघडलं तर सुनेचं आणि जमलं तर बेसन चांगलं होतं म्हणून, तशी आमची गत. काप चांगला आला तर रिपोर्ट चांगला. काप वाईट आला की साहेब आतून हाक मारायचे, "अहो, हे काय आहे?"

खरं तर आमचा सगळा धंदाच स्वयंपाकघरातला. नावं तेवढी इंग्रजी.

पहिलं मुरवणं. तुकडा बाहेर निघाला की तो सडायला लागतो, म्हणून त्याला ताबडतोब फॉर्मलिनमध्ये टाकायचा. फ्रँकफुर्टच्या फर्डिनांड ब्लूम नावाच्या डॉक्टरानं १८९३ साली हे शोधून काढलं. जंतू मारायला म्हणून तो फॉर्मलिन वापरत होता, तर त्याच्या स्वतःच्याच बोटांची कातडी कडक झाली. दुसरा कुणी असता तर त्यानं खोबरेल तेल लावलं असतं. ब्लूमच्या डोक्यात आलं की बोटं टिकतात तर तुकडेही टिकतील. तेव्हापासून जगभरातले तुकडे टिकताहेत आणि आमची बोटं कडक होताहेत. फॉर्मलिनच्या वाफेनं डोळे कायमचे लाल. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं इंदापुरात माझ्याबद्दल दबक्या आवाजात चर्चा होती. "तसे जावई चांगले आहेत हो, पण..." आणि पुढे अंगठा तोंडाकडे नेऊन खूण. मी सासूबाईंना सांगितलं, हे औषधामुळे आहे. त्या म्हणाल्या, "सगळे तसंच म्हणतात."

पुढे २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं जाहीर केलं की, या फॉर्मलिनमधल्या वायूनंच माणसाला कॅन्सर होऊ शकतो. म्हणजे ज्याचा शोध लावायचा, त्याच्याच पाण्यात मी वीस वर्षं बोटं बुडवून बसलो होतो. त्या दिवशी मी साहेबांकडे खिडकीला एक मोठा पंखा मागितला. पंखा मिळाला. माझ्या नोकरीतली ही सगळ्यात मोठी बढती.

मुरवल्यावर अल्कोहोलात टाकून पाणी काढायचं. (हा अल्कोहोल पिण्याचा नसतो, हे आमच्या गल्लीतल्या काही जाणकारांना पटायला फार वेळ लागला.) मग झायलॉलमध्ये टाकून अल्कोहोल काढायचा. मग साठ अंशाच्या आसपास वितळलेल्या मेणात ठेवून त्याच्या रोमरोमांत मेण भरायचं. हे सगळं रातभर चालतं. दुसऱ्या दिवशी पितळेचे दोन 'एल' समोरासमोर ठेवून चौकोन करायचा, त्यात मेण ओतायचं आणि तुकडा बसवायचा. मेण गोठलं की वडी तयार.

काप काचेला चिकटायला अंडं लागतं. अंड्याचा पांढरा भाग आणि तितकंच ग्लिसरीन घोटायचं, बुरशी येऊ नये म्हणून थायमॉलचा खडा टाकायचा. आमचं घर माळकरी. मी दर महिन्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून एकच अंडं रुमालात गुंडाळून नेतो, हे शेजारच्या काकूंनी पाहिलं. एक डझन नेलं असतं तर त्यांनी सोडून दिलं असतं. एकच अंडं म्हटल्यावर त्यांना त्यात करणीचा वास आला. आमच्या उंबऱ्यावर त्या काही दिवस बारकाईनं लिंबू शोधत होत्या.

आणि पाणी! आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. बायको रोज त्या पाण्याच्या नावानं बोटं मोडायची. मला मात्र ते पाणी म्हणजे अमृत. पेशींचं बीज रंगवायला जो हिमॅटॉक्सिलिन रंग लागतो, तो मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या खोडातून निघतो. तो आधी तांबूस-जांभळा चढतो. क्षार असलेल्या पाण्यात धरला की त्याचा सुरेख निळा होतो. पुण्यामुंबईच्या मऊ पाण्यात त्यासाठी औषधं मिसळतात. इथे नुसता नळ सोडायचा. मी एकदा जेवताना कौतुकानं म्हणालो, "आपल्या पाण्याला काय निळाई येते!" समोर कच्च्या डाळीचं वरण होतं. त्यानंतर आठ दिवस मला घरात रंगाविषयी बोलायची बंदी होती.

पण आमची खरी कला कापण्यात. मायक्रोटोम नावाचं यंत्र असतं. रसवंतीच्या चरकासारखं त्याला बाजूला चाक. चाक फिरवलं की मेणाची वडी खालीवर होते आणि दर फेरीला तिचा एक काप सुरीवर येतो. कापाची जाडी चार मायक्रॉन. म्हणजे एका मिलिमीटरचे अडीचशे काप. मोरोपंतांनी आमच्या बारामतीत बसून एका रामायणाची एकशेआठ रामायणं केली, याचं लोकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. त्यांच्याकडे चांगली सुरी असणार.

हे काप एकाला एक चिकटून फितीसारखे येतात. ही फीत इतकी हलकी की समोरच्यानं श्वास सोडला तरी उडते. म्हणून पंखा बंद. बारामतीचा मे महिना, मागच्या खोलीला वरून पत्रा, पंखा बंद आणि समोर वितळू पाहणारं मेण. मेण थंड राहावं म्हणून वडी बर्फावर ठेवावी लागे. फ्रिज यायच्या आधी मी स्टँडवरच्या गोळेवाल्याकडून बर्फ आणायचो. त्यानं एकदा विचारलं, "रोज बर्फ नेता, रंग का नेत नाही?" मी म्हणालो, "रंग आमच्याकडे आहे." त्यानं मला धंद्यातला प्रतिस्पर्धी समजून दुसऱ्या दिवसापासून बर्फाचा भाव वाढवला.

सुरीला धार लावणं हाही एक जन्माचा उद्योग. आता वापरून टाकायची पाती निघाली आहेत. त्या काळी वीतभर लांबीची पोलादी सुरी दगडावर घासायची, मग चामड्याच्या पट्ट्यावर पालटून पालटून ओढायची. समोरचा न्हावी येऊन माझा हात बघायचा आणि मान हलवायचा. "हात बरा आहे तुमचा. दुकान का काढत नाही?" डोळ्यांना दिसणार नाही एवढा दात सुरीला पडला तरी कापावर आरपार रेघ उठते. साहेब म्हणायचे, "हा काय पालखी मार्ग आखलाय का?"

परवा शेजारची बारावी झालेली मुलगी आली. बारामतीला २०१९ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. पांढऱ्या कोटातली मुलं-मुली रसवंतीवर बघून तिलाही पांढरा कोट घालावासा वाटतोय. डॉक्टरकीएवढे मार्क नाहीत. म्हणाली, "काका, टेक्निशियनचा कोर्स करू का? स्कोप आहे का?"

स्कोप! मी तिला बरंच काही सांगणार होतो. पगाराविषयी सांगणार होतो, जो माझ्या कापांइतकाच बारीक होता. बढतीविषयी सांगणार होतो. मी टेक्निशियन म्हणून लागलो, मध्यंतरी सीनियर टेक्निशियन झालो. फरक एवढाच पडला की, आधी 'अरे' म्हणणारे 'अहो' म्हणायला लागले. डोळे, बोटं, पाठ, सगळ्यांचा हिशेब मनात जुळवला. आणि प्रत्यक्षात मी तिला मास्तरांची गोष्ट सांगत बसलो.

मास्तर म्हणजे सासरे नव्हेत. आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात. इंदापूर-बारामती हा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. इंदापूरच्या एका सर्जनांकडचे तुकडे आमच्याकडे येत, ते सकाळच्या गाडीनं, मास्तरांच्या हातून. पिशवीत बरणी, बरणीला चिठ्ठी. मी स्टँडवर जाऊन घ्यायचो. मी इंदापूरचा जावई म्हटल्यावर मास्तरांनी माझ्याशी परस्पर नातं जोडून टाकलं होतं. गाडी थांबायच्या आत दारातून ओरडायचे, "आवं जावईबापू! आलंय बरं का तुमचं लोणचं. सांडलं न्हाई, मांडीवर धरून आणलंय!"

निम्म्या स्टँडला वाटायचं, केवढी ही सासुरवाडी! रोज लोणचं!

आता सासूबाईही याच मास्तरांबरोबर खरोखरचं लोणचं पाठवायच्या. आणि एके दिवशी जे व्हायचं तेच झालं. दोन पिशव्या, दोन बरण्या, दोन्ही हॉर्लिक्सच्या. मी एक घरी दिली, एक लॅबोरेटरीत नेली. साडेअकराला मी झाकण उघडलं आणि माझ्या नाकाला, जे फॉर्मलिननं केव्हाच निकामी झालं होतं, मोहरीचा वास आला. मी जी सायकल मारली तशी आयुष्यात मारली नव्हती. घरी पोचलो तेव्हा बायको बरणी उजेडात धरून निरखत होती. म्हणाली, "आईनं या वेळी लिंबं अख्खीच टाकलीत का हो?" ते एका बाईंचं पित्ताशय होतं.

घरात या गोष्टीवर पुढे पुष्कळ हसणं झालं. लॅबोरेटरीत कुणी हसलं नाही. आमच्या कामात बोथट सुरी एकवेळ चालते, चुकलेली चिठ्ठी चालत नाही. काप वाईट आला तर दुसरा काढता येतो. एकाचं नाव दुसऱ्याच्या तुकड्याला लागलं, तर ज्याला काही नाही त्याचा गाल कापला जातो आणि ज्याला आहे तो निवांत घरी जातो. साहेब त्या दिवशी मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मास्तरांनी आणि मी नियम केला. स्टँडवर बरणी हातात घेतली की चिठ्ठी मोठ्यानं वाचायची. नाव, वय, कुठला तुकडा. मग मास्तर "बरोबर" म्हणणार, मग मी वहीत लिहिणार, मग सही. मास्तरांना हा कार्यक्रम इतका आवडला की गाडीला उशीर झाला तरी चालेल, पण हजेरी चुकू देत नसत. "वाचा," म्हणायचे. मी वाचायचो. "बरोबर. फुडं?"

मास्तरांचा दुसरा नियम तंबाखूचा. अंथुर्ण्याला मळायला घेतलेली तंबाखू लासुर्ण्याला गालात. कायम डाव्या गालात, कारण उजव्या बाजूनं शिट्टी वाजवायची. मला पुष्कळदा म्हणायचे, "घ्या चिमूटभर, डोकं उघडतं." मी घेत नसे. पण मी त्यांना कधी 'सोडा' असंही नीट म्हणालो नाही. मुंबईच्या सांघवी, राव आणि खानोलकर या संशोधकांनी तंबाखू चघळण्याचा आणि तोंडा-घशाच्या कॅन्सरचा संबंध १९५५ सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला होता. मला त्याचा दाखला द्यायची गरजच नव्हती. माझ्या टेबलावर रोज गाल येत होते. डावे, उजवे, जिभेच्या कडा. मी ते रंगवत होतो आणि सकाळी स्टँडवर मास्तरांचा फुगलेला गाल बघून हसत होतो. एकदोनदा म्हणालो असेन. पण ते जावयानं सासुरवाडीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं.

१९९३ सालचा पावसाळा. गाडी आली. मास्तर दारातून ओरडले नाहीत. मला वाटलं, घसा बसला असेल. खाली उतरून त्यांनी पिशवी हातात दिली आणि म्हणाले, "वाचा."

मी नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचलं. एक नाव होतं, आडनाव होतं. वय ५२. डावा गाल, आतून.

"हजर," मास्तर म्हणाले.

मला क्षणभर कळलंच नाही. इतक्या वर्षांत मी त्यांचं नाव कधी विचारलंच नव्हतं. माझ्या हातात त्यांची बरणी होती आणि समोर ते स्वतः उभे होते. सदतीस वर्षांत पहिल्यांदाच एखादा पेशंट मला अख्खा भेटला.

"लिवा की वहीत," ते म्हणाले. "गाडी सुटायची हाय."

तुकडा तांदळाच्या कणीएवढा होता. मेणात बसवताना तो उभा बसवावा लागतो. चिरोट्याचे पदर दिसायला चिरोटा उभाच कापायला हवा. आडवा कापला तर नुसता वरचा पापुद्रा दिसतो. गालाचंही तसंच. वरच्या पेशी बिघडल्या असतील, तर त्या खालचा पडदा फोडून आत उतरल्या आहेत की वरच थांबल्या आहेत, यावर सगळा निकाल असतो. आणि तो पडदा दिसायला काप उभा हवा. मी हे हजारदा केलं होतं. डोळे मिटून करत होतो.

त्या दिवशी डोळे उघडे ठेवून केलं आणि चुकलं. हात हलला. मेण गोठायला काही सेकंदच लागतात. तेवढ्यात कणी आडवी झाली आणि मला दिसलंही नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आतून हाक मारली. "अहो, हे काय आहे? आडवा पडलाय. यातून काहीच सांगता येत नाही." मग काच बाजूला ठेवून म्हणाले, "उरलाय का?"

निम्मा उरला होता. तांदळाच्या कणीचा निम्मा. मी वडी पुन्हा वितळवली, चिमट्याच्या टोकानं कणी उचलली आणि भिंगाखाली उभी केली. ती गोठेपर्यंत श्वास घेतला नाही. कापायला बसलो तोवर संध्याकाळ झाली होती. रक्ताचा टेक्निशियन घरी गेला. मग लाइट गेले. चाक हातानं फिरवायचं यंत्र, त्याला लाइट लागत नाहीत. मला लागत होते. मेणबत्ती वडीजवळ नेता येईना, म्हणून रखवालदाराला बॅटरी धरून उभा केला. तो बिचारा पाऊण तास बॅटरी धरून उभा होता आणि शिंक आली की खोलीबाहेर जात होता.

एरवी सुरुवातीचे काप आपण फेकून देतो. त्या दिवशी एकही फेकला नाही. जो आला तो पाण्यावर पसरला आणि काचेवर घेतला. चौदा काचा झाल्या. रात्री लाइट आले तेव्हा रंगवल्या, नळाखाली धरल्या. बोअरचं पाणी त्या दिवशीही इमानेइतबारे निळं करत होतं.

सकाळी साहेब एकेक काच बघत होते. मी उगीचच दारात उभा होतो. नवव्या काचेला थांबले. बराच वेळ बघितलं. मग पुढच्या सगळ्या बघितल्या आणि पुन्हा नववीवर आले. म्हणाले, "पेशी बिघडल्यात. चांगल्याच बिघडल्यात. पण पडदा शाबूत आहे. सगळीकडे शाबूत आहे. वेळेत आलाय माणूस." आणि मान वर न करता म्हणाले, "काप बरे आलेत."

'काप बरे आलेत' हे साहेब माझ्या सबंध नोकरीत तीन वेळा म्हणाले. बाकीच्या दोन वेळा मला आठवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर गेलो. आता आमचा एक दंडक असतो, आपण पेशंटला काही सांगायचं नाही. सांगणं त्यांचं. मास्तर खाली उतरले. हातात पिशवी नव्हती. म्हणाले, "काय निगालं?"

"रिपोर्ट आज जाईल. तुमचे डॉक्टर सांगतील."

"ते सांगतीलच." माझ्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाले, "तुमच्या डोळ्यांवरनं काय कळंना बगा. ते रोजच लाल असत्यात."

मी काही बोललो नाही. स्टँडवर रसवंती होती. मी दोन ग्लास सांगितले. माझ्या हातानं रस पाजणारा माणूस वाईट बातमी पोटात ठेवून असेल, असं काही मास्तरांना वाटलं नसावं. एका दमात ग्लास संपवला, खिशातली चंची काढली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती रसवंतीच्या चिपाडांत टाकून दिली. रसवंतीवाला ओरडला. मास्तरांनी डबल बेल मारली आणि गाडी गेली.

पुढे पुण्याला त्यांचं ऑपरेशन झालं. गालाचा आतला भाग काढला. तोंड पहिल्यासारखं उघडत नसे. दारातून ओरडायचे ते बंद झालं, पण "वाचा" म्हणायचं नाही. तंबाखूच्या जागी बडीशेप आली. आणि जो कुणी गाडीत चंची उघडील त्याला तिकीट द्यायच्या आधी भाषण. लोक म्हणायचे, "मास्तर, टपावर बसतो, पण भाषण नको." मी इतक्या वर्षांत जे एकदाही नीट म्हणालो नाही, ते मास्तर रोज निमगाव केतकीच्या पानमळ्यांपासून बारामतीपर्यंत म्हणत राहिले.

चार वर्षांनी त्यांच्या मुलीचं लग्न इंदापुरात झालं. मी सपत्नीक गेलो. सासरेही होते. थकलेले, पण खुर्ची पहिल्या रांगेतली. मास्तर फेटा बांधून फिरत होते. व्याह्यांना हाताला धरून माझ्यापाशी घेऊन आले आणि म्हणाले, "हे आमचे जावई."

व्याही गोंधळले. आता जावई तर त्यांचाच मुलगा.

"गावाचे हो," मास्तर म्हणाले. "बारामतीला असत्यात. हिस्टरीत."

सासऱ्यांनी मान वर केली. मी घाईघाईनं म्हणालो, "हिस्टरी नव्हे हो मास्तर, हिस्टोपॅथॉलॉजी..."

"तेच ते," मास्तर म्हणाले. "माझी हिस्टरी व्हायची येळ आली हुती. ह्यांनी होऊ दिली न्हाई." आणि वाकड्या तोंडानं हसत माझ्या पानात दोन जिलब्या जास्त वाढल्या.

शेजारची मुलगी हे सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "पण काका, रिपोर्टावर तुमचं नाव होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

तिनं फॉर्म भरलाय. काल विचारत होती, घरी कापायचा सराव कशावर करू? मी सांगितलं, चिरोट्यावर. उभा कापायचा.